मंद्रूपचा रुग्ण, सोलापूरचे बिल आणि तिसरी वही

मंद्रूपच्या एखाद्या शेतमजुराच्या छातीत कळ आली, तर त्याच्या उपचाराचा खर्च तीन वह्यांत विभागला जातो. पहिली वही गावातल्या ग्रामीण रुग्णालयाची. दुसरी, त्याला सोलापूरला ज्या रुग्णालयात हलवतात तिथली. तिसरी वही घरच्यांच्या डोक्यात असते: उसने आणलेले पैसे, गहाण पडलेले दागिने, बाहेरच्या दुकानातून आणलेली औषधे, सोबत थांबलेल्या मुलाचा बुडालेला रोज.

पहिल्या दोन वह्या लेखापरीक्षक तपासतो. तिसरी कुणी मागत नाही. सरकारने रहिवाशांना दिलेल्या आरोग्यलाभाची खरी किंमत मात्र तिच्याशिवाय निघत नाही, असे या कामातला माणूस म्हणून माझे ठाम मत आहे.

आधी दोन वह्यांमधले अंतर पाहू. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली सेवा राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केली. मंद्रूपचे ग्रामीण रुग्णालय त्यात आले. सोलापूरचे सिव्हिल डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडचे. त्या निर्णयात ते नव्हते. सरकार एकच, पण विजापूर रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर गेले की नियम बदलतो. रुग्णाला विभाग कळत नाहीत, त्याला खिडकीवर मागितलेले पैसे कळतात.

खर्च मोठा असेल तर जन आरोग्य योजनेचा आधार असतो. सोलापूर जिल्ह्याला ही योजना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत ९७२ प्रकारचे उपचार मिळू लागले. सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता भरत होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली, राज्याचा प्रत्येक रहिवासी पात्र ठरला आणि मर्यादा पाच लाखांवर गेली.

या योजनेत प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. सुरुवातीपासून त्या दरात खाट, तपासण्या, औषधे, जेवण, घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची देखभाल आणि परतीचे एसटीचे भाडेसुद्धा धरलेले होते.

लेखापरीक्षकाच्या दृष्टीने या यादीतली सर्वांत कामाची बाब हे एसटीचे भाडेच. शस्त्रक्रियेची टिपणे, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड हे सगळे रुग्णालय तयार करते आणि ते तपासले जाणार हे त्याला ठाऊक असते. भाडे मिळाले की नाही, हे रुग्णच सांगू शकतो. ‘कसले भाडे?’ असे उत्तर आले, की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: औषधे कुठून आणली? अनामत किती भरली? पावती मिळाली का?

हे प्रश्न विचारायचे तर रुग्णापर्यंत पोहोचता आले पाहिजे. केंद्रीय योजनेवरचा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे ९९९९९९९९९९ हा एकच मोबाइल क्रमांक त्यात आढळला. पात्रता मोबाइलवरून ठरत नाही, क्रमांक संपर्कासाठी आणि उपचारांविषयी अभिप्राय घेण्यासाठी असतो, असा खुलासा सरकारने केला. खुलासा मान्य केला, तरी अर्थ गंभीरच निघतो: ‘तुमच्याकडून कुणी पैसे घेतले का?’ हे साडेसात लाख लोकांना फोनवर विचारण्याची सोयच नव्हती.

विचारले तर काय हाती लागते, ते त्याच अहवालातल्या मेघालयाच्या नोंदीत दिसते. तिथल्या पाच खासगी रुग्णालयांतून घरी गेलेल्या १९,४५९ लाभार्थ्यांपैकी १३,४१८ जणांनी स्वतःच्या खिशातून १२.३४ कोटी रुपये भरले होते. भागाकार केला तर माणशी सुमारे ९,२०० रुपये येतात. मोफत योजनेतल्या रुग्णाने भरलेली ही रक्कम आहे. शेतमजुराच्या घरात एवढे पैसे सहसा कर्जानेच उभे राहतात.

रुग्णालयांची बाजूही तपासात यायला हवी. ठरलेला दर परवडत नाही, दाव्याचे पैसे उशिरा येतात, ही त्यांची जुनी तक्रार आहे. दावा कधी दाखल झाला आणि रक्कम कधी जमा झाली, या दोन तारखा शेजारी ठेवल्या की तिच्यात तथ्य किती ते कळते. सरकारने थकवलेले पैसे रुग्णाकडून वसूल होत असतील, तर दोष दोन्हीकडे लिहावा लागेल.

तिसरी वही उघडण्याची रीत महाराष्ट्राला माहीत आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ संस्था तिचे समन्वयन करत होती. गावोगाव माहिती गोळा झाली, जनसुनवाया भरल्या आणि लोकांनी आपले अनुभव अधिकाऱ्यांसमोर मांडले.

मंद्रूपमध्ये हे काम लहान प्रमाणात सुरू करता येईल. योजनेतून उपचार घेऊन परतलेल्यांना आशाताईने संमती घेऊन चारच गोष्टी विचाराव्यात: बाहेरून आणलेली औषधे आणि तपासण्या, रुग्णालयाने मागितलेली रक्कम, प्रवासाचा खर्च, काढलेले कर्ज. या जादा कामाचा मोबदला तिला मिळायलाच हवा. नावे वगळून आलेल्या बेरजा तिमाहीला ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीसमोर आणि मग ग्रामसभेत वाचाव्यात. त्याच तिमाहीत त्या रुग्णांच्या उपचारांपोटी योजनेने रुग्णालयांना दिलेली रक्कम जिल्हा समन्वयकाने शेजारच्या रकान्यात भरावी. दोन्ही रकाने एकाच कागदावर आले, की पाच लाखांच्या संरक्षणातला किती भाग मंद्रूपच्या घरांपर्यंत पोहोचला, हे ग्रामसभेला आकड्यानिशी विचारता येईल.