कंसातल्या बहिणी

आमच्या घरच्या वंशावळीत सहा पिढ्यांचे पुरुष आहेत. एकाही बाईचे नाव नाही. आजोबांना बहिणी होत्या, 'आत्याबाई यायच्या दिवाळीला' असे आई सांगते, पण किती, कोणत्या गावी दिलेल्या, हे आता कुणालाच सांगता येईना. मला त्या हव्या होत्या.

इंटरनेटवर काही घराण्यांचे छापील कुलवृत्तान्त मिळतात. 'फॅमिलीसर्च'वर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची पानेही पाहता येतात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या शेतकरी घराला मात्र खरा आधार जमिनीच्या कागदांचाच. भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर नोंदणी करून जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडला की जुने सातबारे, फेरफार थोड्या शुल्कात बघायला मिळतात.

मात्र आजचा गट नंबर टाकून जुना कागद निघत नाही. १९४७ च्या कायद्याखाली पुढे गावोगाव जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. म्हणून आधी एकत्रीकरणाचा उतारा काढून आमच्या गटाचे जुने सर्व्हे नंबर मिळवले. मग जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला फेरफार क्रमांक बघायचा, तो फेरफार उघडायचा, तिथून आणखी मागे जायचे. हे काम मला फार आवडले.

मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झात, खापरपणजोबा गेले. त्या वेळचा फेरफार मोडीत. तो एका निवृत्त शिक्षकांनी वाचून दिला. त्यात नाव एकच, थोरल्या मुलाचे, आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांमागे धाकटे भाऊ, विधवा आई, लेकी, सगळे घर दडलेले.

पणजोबा वारले १९५९ मध्ये. तो फेरफार उघडला आणि मी खुर्चीतून उठलेच. तलाठ्याचे तिरके, निळ्या शाईचे अक्षर. 'मयत झालेने वारसांनी वर्दी दिली' अशी सुरुवात, खाली दोन मुलगे, मग 'विधवा पत्नी' म्हणून पणजीचे नाव, जे मी पहिल्यांदाच वाचत होते, आणि त्याखाली तीन मुली. प्रत्येकीचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, सासरचे गाव. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाच्या हिश्श्यात वारस ठरली होती. ज्या लेकींना वंशावळीत जागा नव्हती, त्यांची नावे लिहिणे तलाठ्याला भाग पडले ते या कायद्यामुळे. माझ्या मते बायकांचा माग काढणाऱ्याला १९५६ नंतरच्या वारस नोंदींइतका भरवशाचा कागद दुसरा नाही.

पुढच्याच सातबाऱ्यावर मात्र तिघींच्या नावांना कंस. हक्कसोड. भावांसाठी त्यांनी हिस्सा सोडला आणि उताऱ्यावरून गेल्या. घरच्या आठवणीतूनही गेल्या. मला त्या कंसांचे फार वाईट वाटले.

त्यांचा जन्म कधीचा, हेही शोधले. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून जिल्हा प्रशासनांनी आपल्या संकेतस्थळांवर जुन्या जन्ममृत्यू नोंदवह्यांची, शाळांच्या रजिस्टरांची पाने टाकली आहेत. आमच्या गावच्या पानांवर बापाचे नाव असते, पुढे नुसते 'मुलगी'. त्यातली आमची कोणती, कसे ओळखणार?

सासरच्या गावांवरून दोघींची नातवंडे सापडली. एकीच्या नातीने फोनवर विचारले, 'आमच्या आजीचं माहेर खरंच तुमचंच का?' मी तिला फेरफाराची प्रत पाठवली. नवी वंशावळ लिहिताना तिघींना त्यांच्या भावांच्या ओळीत घेतले आहे, कंसाशिवाय.

तुमच्या गावाचे फेरफार ऑनलाइन दिसले नाहीत तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. आणि घरची वंशावळ पुन्हा लिहाल तेव्हा लेकींची नावे सासरच्या गावासकट लिहा.