विहीणबाईंचा उमोर

रात्रीचे नऊ वाजले होते. वालेन्सियात तेव्हा दुपारचे साडेचार; हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. मुलीने फोन तिच्या सासूबाईंच्या हातात दिला. वहीत आधीच लिहून ठेवलेली तीन वाक्यं मी म्हटली. मग त्या बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्यात एक शब्द दोनदा आला: ‘उमोर’. स्पॅनिशमध्ये ‘ह’ लिहितात पण उच्चारत नाहीत, एवढं मला ठाऊक झालं होतं. म्हणजे हा इंग्रजीतला ‘ह्यूमर’ असणार, विनोद असणार. विहीणबाई काहीतरी गमतीचं सांगत आहेत असं समजून मी हसले. पलीकडे शांतता पसरली.

मुलीने नंतर सांगितलं, “आई, त्या म्हणत होत्या, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझ्या सासऱ्यांची मनःस्थिती फार वाईट असते. घरात कुणाशी धड बोलत नाहीत.” त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. एक बाई आपल्या नवऱ्याच्या आजारपणाचं सांगते आणि मी हसते, हे मनातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून मी स्पॅनिशचा अभ्यास खरा सुरू केला.

माझं माहेर डिचोली तालुक्यातलं, मयेचं. सासर पेडण्याचं. नोकरीमुळे आम्ही मुरगावला आलो आणि सड्यावरच स्थायिक झालो. गच्चीवरून बंदराबाहेर नांगरून ठेवलेली जहाजं दिसतात. घरात बोलायचं कोंकणीत, वाचायचं-लिहायचं मराठीत. हिंदी आणि इंग्रजी शाळेत आल्या. सारा जन्म मराठी शिकवण्यात गेला. पण स्पॅनिश शिकायची तर तिच्यापर्यंत जाणारी वाट इंग्रजीतूनच होती. मुलीने पाठवलेल्या पुस्तकात दोन रकाने होते: डावीकडे स्पॅनिश वाक्प्रचार, उजवीकडे त्याचा इंग्रजी जोडीदार. मन, राग, हसू, उदासी यांच्यावर आठ-दहा पानं होती आणि नेमकी तीच पानं मला कळेनात. भाजी, कपडे, रेल्वेची तिकिटं हे सगळं पाठ झालं. माणसाचं आज बिनसलंय एवढं म्हणायचं झालं की मात्र पाय अडखळायचा.

पहिला धीर दिला तो एका नात्याच्या शब्दाने. पुस्तकात शोधलं, मुलीच्या सासूला इंग्रजीत काय म्हणतात? उत्तर एवढंच, ‘मुलीची सासू’. तीन पिढ्यांचा गोतावळा सांभाळणारं हे नातं, आणि त्याला इंग्रजीत शब्दच नाही. स्पॅनिशमध्ये मात्र आहे: ‘कोन्सुएग्रा’. ‘सुएग्रा’ म्हणजे सासू, ‘कोन’ म्हणजे सोबत, माझ्यासोबतची सासू. विहीण! मी फोनवर त्यांना ‘मी कोन्सुएग्रा’ म्हटलं. ‘मी’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘माझी’. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की आधीचं ते चुकलेलं हसू थोडं फिटल्यासारखं वाटलं. आपल्यात विहिणी एकमेकींना ‘तुम्ही’ म्हणतात. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात ‘तू’ म्हणायला लावलं. जीभ वळली, मन अजून वळलेलं नाही. म्हणून इथे लिहिताना त्या ‘त्या’च आहेत.

पण उमोर? एकाच शब्दाला विनोद आणि मनःस्थिती हे दोन अर्थ कसे? शब्दाचं मूळ शोधलं तर लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निघाला ‘ओल, द्रव’. जुन्या युरोपी वैद्यकात शरीरात चार द्रव मानत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याचा जोर, तसा माणसाचा स्वभाव. ‘मेलन्कोली’ हा ग्रीक शब्द तर उघडच ‘काळं पित्त’. मग ‘चांगल्या उमोरात’ म्हणजे द्रवांचा मेळ जमलेला, ‘वाईट उमोरात’ म्हणजे बिघडलेला. इंग्रजीत हाच शब्द पुढे विक्षिप्त स्वभावाकडे, तिथून हशाकडे सरकला. स्पॅनिशने दोन्ही अर्थ जवळ ठेवले.

हे वाचताना मला मयेचा ओटा दिसला. माझे आजोबा वैद्यकी करायचे. कुणी तणतणत आलं की ते नाडीवर बोट ठेवून म्हणायचे, “पित्त खवळलंय तुझं.” लहानपणी मला कळायचं नाही की हे औषधाचं बोलणं आहे की रागाचं. दोन्हींचं होतं. आणि आपला ‘रस’? तोही द्रवच. आयुर्वेदात सात धातूंतला पहिला धातू रस, आणि भरताच्या नाट्यशास्त्रातला हास्यही रसच. विहीणबाईंचा उमोर आणि आमच्या पेडण्याच्या दशावतारात संकासुर आल्यावर मांडवभर उसळणारा हास्यरस, दोघांच्या मुळाशी ओल आहे. वर्गात मी वर्षानुवर्षं नऊ रस फळ्यावर लिहिले; रस म्हणजे मुळात पाण्यासारखं काही, हे फळ्याकडे पाहून कधी जाणवलं नव्हतं.

पणजीला चर्चसमोर जी बाग आहे, तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा वैद्य जन्माने पोर्तुगीज, शिकला मात्र स्पेनमध्ये, सालामांका आणि अल्काला इथे, आणि 1534 मध्ये गोव्यात आला. इथल्या औषधी द्रव्यांवर त्याने लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. तो संवादरूपात आहे. ओर्ताशी बोलणारा रुआनो नावाचा डॉक्टर नुकताच स्पेनहून आलाय. त्याला इथलं काही कळत नाही आणि तो विचारत सुटतो. ओर्ताने कल्पनेतून उभा केलेला हा रुआनो मला फार जवळचा वाटतो. तो वालेन्सियाच्या बाजूने इकडे येतोय, मी इकडून तिकडे निघालेय, आणि दोघांच्या ओंजळीत नुसते प्रश्न.

त्याच ग्रंथात पटकीचं वर्णन आहे. ओर्ता सांगतो की इथले लोक तिला ‘मोर्शी’ म्हणतात आणि पोर्तुगीज ते बिघडवून ‘मोर्देशी’ करतात. ही आपली मोडशी! पुढे फ्रेंचांनी तोच शब्द ऐकला आणि त्यांच्या कानाला तो ‘मोर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’, असा लागला. कुणाच्या तरी पोटातली मोडशी तीन भाषांच्या कानांतून जाता जाता कुत्र्याच्या मरणाला पोचली. उजव्या रकान्यावर विसंबताना मला हे आठवतं. आणि स्पॅनिशमध्ये आजही ‘कोलेरा’ हा शब्द स्त्रीलिंगी वापरला तर संताप आणि पुल्लिंगी वापरला तर पटकी. दोन्ही पित्ताच्याच ग्रीक नावातून आलेले. आजोबा असते तर त्यांना हे सांगायला मी धावत मयेला गेले असते.

शब्द असे उलगडू लागले, पण वाक्य जुळेना. पुस्तकात होतं, ‘मे दा रिसा’. उजवीकडे इंग्रजी: ‘ते मला हसवतं’. ‘मे दा राबिया’: ‘ते मला रागावतं’. ‘मे दा वेर्गुएन्सा’: ‘मी लाजिरवाणी झालेय’. प्रत्येक वाक्य इंग्रजीतून उलगडायचं, मग मराठीत आणायचं, तोवर फोनवरचा माणूस पुढे गेलेला. एका दुपारी मी उजव्या रकान्यावर पट्टी ठेवली आणि डावीकडचं शब्दाला शब्द लावून मराठीत लिहिलं. ‘मला हसू देतं.’ ‘मला राग देतं.’ ‘मला लाज देतं.’ देतंच्या जागी ‘येतं’ ठेवलं आणि मी उभीच राहिले. मला हसू येतं. मला राग येतो. मला लाज वाटते. ‘मे गुस्ता’ म्हणजे मला आवडतं. कर्ता आवडणारी वस्तू, आणि मी नुसती ‘मला’. कोंकणीतही तेच: म्हाका राग येता, म्हाका हांसूं येता. इंग्रजी म्हणते, ‘मी रागीट झालेय’, जणू आख्खी मीच राग. आपल्याकडे आणि त्यांच्याकडे राग बाहेरून येतो आणि माणूस त्याचं घर असतो. महिनाभर मी हे दार उघडायला लांबची किल्ली शोधत होते आणि दार आतून उघडं होतं.

‘राबिया’चा दुसरा अर्थ कळला तेव्हा तर मी मुलीला लगेच निरोप पाठवला: कुत्र्याला होणारा तो रोग. माणूस पिसाळला, असं आपण म्हणतोच की. कुत्रा स्पॅनिशांच्या रागातही फार: ‘उमोर दे पेर्रोस’ म्हणजे कुत्र्यांचा उमोर, आणि तापट माणसाकडे ‘वाईट पिसवा’ असतात. सकाळपासून बिनसलं तर ते म्हणतात डावा पाय आधी टेकला, इंग्रज म्हणतात बिछान्याच्या चुकीच्या बाजूने उठला. आपण विचारतो, आज कुणाचं तोंड पाहून उठले होते? आपल्याला दोष द्यायला माणूसच लागतो. या बाबतीत डावा पाय मला अधिक न्यायाचा वाटतो.

शेजारी एक वयस्क ख्रिस्ती आन्टी राहतात. त्यांचं शिक्षण 1961 पूर्वीचं, पोर्तुगीजमधलं. माझी वही पाहून म्हणाल्या, आमच्यात तापट माणसाची ‘यकृतं वाईट’ असतात. मी म्हटलं, मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की यकृतच मिळतं, आणि आपण धाडसाला वाघाचं काळीज म्हणतो. स्पॅनिशमध्येही ‘यकृतं असणं’ म्हणजे हिंमत असणं. एकाच अवयवात कुणी राग ठेवला, कुणी धीर. त्यांनीच मला सावधही केलं: सगळं जुळतंय म्हणून हुरळू नकोस. खरं होतं ते. ‘माला लेचे’, म्हणजे ‘वाईट दूध’, हे पुस्तकात नुसतं ‘वाईट मूड’ म्हणून दिलेलं. दाईच्या दुधातून स्वभाव उतरतो या जुन्या समजुतीशी त्याचं नातं सांगतात. मला ते आईच्या दुधासारखं घरगुती वाटलं, आणि विहीणबाईंशी बोलताना मी वापरणारही होते. मुलीने वेळीच थांबवलं. ते शिवराळ आहे, व्याह्यांच्या घरात चालायचं नाही. ‘सांग्रे दे ओर्चाता’ तर फक्त त्यांचंच. ओर्चाता हे वालेन्सियाचं पांढरं गोड थंड पेय. नागरमोथ्याच्या जातकुळीतल्या एका गवताच्या गाठींचं करतात. ज्याच्या अंगात रक्ताऐवजी ओर्चाता वाहते, त्याला काही केल्या राग येत नाही. आपलं ‘थंड गोळा’ जवळ येतं. इंग्रजीतलं थंड रक्त मात्र क्रूर असतं, तिथे जाऊ नये.

‘नो एस्ता एल ओर्नो पारा बोयोस’ मला कुठल्याच रकान्याने शिकवलं नाही. पुस्तकात होतं, ‘ही वेळ योग्य नाही’. शब्दशः: भट्टी पावांसाठी तयार नाही. ओर्नो म्हणजे आपल्या पोदेराचा, पाववाल्याचा ‘फोर्न’, शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला. आमच्या पोदेराला विचारलं तर म्हणाला, लाकडं पेटवली की भट्टी फार तापते. लगेच उंडे घातले तर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात, म्हणून आधी निवू द्यायची. रागावलेल्या माणसाचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.

मग तो फोन आला. विहीणबाईंचा भाऊ इस्पितळात होता. त्यांचा आवाज खोल गेलेला. मला विचारायचं होतं, तुम्ही उदास आहात का? मी विचारलं, “एरेस त्रिस्ते?” स्पॅनिशमध्ये ‘असणं’ दोन आहेत. ‘सेर’ हे स्वभावाचं, ओळखीचं असणं. ‘एस्तार’ हे आत्ताचं, इथलं असणं. मी पहिलं वापरलं. म्हणजे विचारलं, तुम्ही उदास माणूस आहात का? त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग एकेक शब्द सुटा करत, मला कळावं म्हणून, म्हणाल्या, “नो सोय त्रिस्ते. एस्तोय त्रिस्ते.”

इंग्रजीत या दोन वाक्यांना एकच ‘आय ॲम’ पुरतं. मी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मराठीत शोधत बसले. ‘तो आनंदी आहे’ आणि ‘तो आनंदात आहे’. आपण ‘त’ लावून माणसाला भावनेच्या आत बसवतो: रागात, मजेत, खुशीत, दुःखात. आत गेलेला बाहेर येऊ शकतो. त्या दुःखात होत्या, दुःखी बाई नव्हत्या, आणि त्या अवस्थेतही त्यांनी मला हा फरक समजावून दिला.

जूनमध्ये त्यांचा भाऊ घरी आला. इथे पाऊस धो धो पडत होता, सड्यावर वीज गेलेली, मी मेणबत्तीच्या उजेडात बसले होते. मुलीने सांगितलं, आज सासूबाई आणि सासरे यांचं सकाळी काहीतरी वाजलंय, भट्टी अजून तापलेली असेल. तरी मी म्हटलं, दे फोन. विचारलं, “एस्तास दे मेहोर उमोर?” आता जरा बरं आहे का मन? क्रियापद बरोबर आलं होतं. आधी मनात घोकलंही नव्हतं.

“या से मे आ पासादो,” त्या म्हणाल्या. माझ्यावरून गेला तो.

राग आला होता, गेला. मी म्हटलं, “बरं झालं,” मराठीतच म्हटलं, आणि त्यांनी विचारलं की मुरगावात पाऊस कसा आहे. पाच-दहा मिनिटांनी फोन मुलीकडे परत जायचा, ती रीतच होती. त्या दिवशी मेणबत्ती संपली तरी आम्ही दोघी बोलत होतो.