रबराचा लहानसा सांधा

यंत्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पोलाद उभें राहतें. मोटारीची स्तुति करणारा मनुष्य तिच्या एंजिनाची, वेगाची, फार तर रंगाची स्तुति करतो. परंतु पोलादाचा एक हालता भाग जेथें दुसऱ्या भागास जोडलेला असतो, तेथें पुष्कळदां त्या दोहोंच्या मध्यें रबराचें एक लहानसें कडें बसविलेलें असतें. कारागीर त्यास बुश म्हणतात. तो कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं व त्याची किंमतही फारशी नसते. अशा कांहीं बुशांच्या संगतींत माझे तीन शनिवार गेले; त्यांनीं मला जें शिकविलें तें आपल्या वार्षिकाच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असें मनांत आहे.

इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ, थेम्स नदीच्या कांठीं, ॲबिंग्डन नांवाचें जुनें गांव आहे. मी तेथें राहतों. ऑक्सफर्ड येथें सायकली दुरुस्त करतां करतां मोटारींचा मोठा कारखानदार झालेला विल्यम मॉरिस हा पुरुष प्रसिद्धच आहे. त्याच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीच्या आद्याक्षरांवरून ‘एम्. जी.’ हें नांव निघालें. १९२९ सालीं या गाड्यांचा कारखाना ॲबिंग्डन येथें आला आणि १९८० सालीं तो बंद झाला. १९६२ पासून शेवटपर्यंत तेथें ‘एम्. जी. बी.’ नांवाची ठेंगणी, चपळ गाडी तयार होत असे. अशा पांच लाखांहून अधिक गाड्या त्या गांवांतून जगभर गेल्या.

माझे शेजारी तरुणपणीं याच कारखान्यांत कामास होते. आतां ते सत्तरीच्या घरांत आहेत आणि संधिवातानें त्यांचीं बोटें वांकलीं आहेत. त्यांच्याजवळ १९७१ सालची उघड्या टपाची एक एम्. जी. बी. होती, ती त्यांस आपल्या मुलीच्या स्वाधीन करावयाची होती. परंतु गाडी निघतांना मागून ‘खट्’ असा आवाज येई आणि वळणावर ॲक्सिलरेटरवरील पाय उचलतांच तिची मागील बाजू आपल्याच मनानें किंचित् सरके. मुलीनें एकदां गाडी चालवून पाहिली व स्पष्ट सांगितलें, “बाबा, हिच्यांत मी एकटी बसेन, पण माझ्या मुलीला बसविणार नाहीं. दोष निघत नसेल तर गाडी विकून टाका.” म्हातारे कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं ते माझ्याकडे आले व म्हणाले, “ज्ञान माझ्याजवळ आहे, हात मात्र तुमचे हवेत.”

दोष कोठें होता तें समजण्यास या गाडीची मागील रचना पाहिली पाहिजे. आपल्याकडील मालमोटारींच्या मागील चाकांपाशीं पोलादी पट्ट्यांच्या कमानी असतात, त्या सर्वांनीं पाहिल्या असतील. एम्. जी. बी.च्या मागेंही तशाच दोन कमानी असून चाकांचा कणा त्यांच्या मध्यावर जखडलेला असतो. कमानीचें पुढचें टोंक बोल्टानें सांगाड्यास जोडलेलें असतें. भार पडला कीं कमान सपाट होऊन लांबते, म्हणून मागचें टोंक शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास टांगलेलें असतें. कणा सरळ धरून ठेवणारा दुसरा दांडा या गाडीस नाहीं. वजन पेलणें, गाडी पुढें लोटणें, ब्रेकचा ओढा सहन करणें हीं सर्व कामें कमानीच करतात. आणि कमानीचीं टोंकें ज्यांवर विसावतात, ते रबराचे बुश. एका बाजूचा पुढचा बुश झिजला कीं कणा त्या बाजूस थोडा मागेंपुढें होतो, तिरपा पडतो, आणि मागचीं चाकें न वळवितांच वळूं लागतात. कणा किती सरकला हें मोजूं गेल्यास फार थोडें भरतें. परंतु वेगांत आणि ओल्या रस्त्यावर तेवढेंही प्राणावर बेतण्यास पुरेसें आहे.

पहिला शनिवार जुने बोल्ट काढण्यांतच गेला. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली व कण्याखालीं जॅकचा आधार दिला. पुढचा एक बोल्ट बुशाच्या आंतील नळीशीं गंजानें असा एकजीव झाला होता कीं, तेल पाजून व हातोड्यानें ठोकूनही तो हालेना. शेवटीं करवतीनें कापावा लागला. कमान खालीं आल्यावर पाहिलें तों बुशाचें रबर एका बाजूस भेगाळून पार पातळ झालेलें होतें.

रबर हें मूळ झाडाचा चीक. कच्चें असतांना तें उन्हाळ्यांत चिकट व थंडींत ठिसूळ होतें. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यास तें गंधकासह तापविल्यास हे दोन्ही दोष जातात असें आढळलें. त्या शोधामुळेंच रबर यंत्रांत वावरूं लागलें. तरी हवा, ऊन व तेल हे त्याचे वैरी आहेतच. म्हणून जेथें सर्व यंत्रास वंगण हवें तेथें या सांध्यास तें वर्ज्य. शॅकलचे बुश दोन दोन अर्धांचे असतात. ते आम्हीं साबणाच्या पाण्यांत भिजवून सारले. पुढचा बुश दोन पोलादी नळ्यांच्या मध्यें रबर कोंबलेला असा असतो. तो एका बाजूस लहान व दुसऱ्या बाजूस मोठी नळी धरून, मोठ्या शेगड्यांत दाबून, हळूहळू बसविला. हल्लीं पॉलियुरेथेनचे अधिक कठीण बुश मिळतात. परंतु ते रस्त्याचे बारीक कंप आंत अधिक पोंचवितात, म्हणून म्हाताऱ्यांनीं रबरच पसंत केलें.

तिसऱ्या शनिवारीं सायंकाळीं सर्व भाग जागच्या जागीं आले. नट हातानें लागतील तेवढेच लावले होते. इतक्यांत मुलीचा टेलिफोन आला, “गाडी झाली का? उद्यां सकाळीं आम्हांला निघावयाचें आहे.” चाकें अधांतरीं होतीं, बोल्ट समोर होते, पाना हातांत होता, पांच मिनिटांत सर्व आवळतां आलें असतें. म्हाताऱ्यांनीं उत्तर दिलें, “अजून नाहीं. उजाडल्यावर ये.”

कारण असें कीं बोल्ट आवळला म्हणजे बुशाची आंतील नळी सांगाड्यास पक्की जखडली जाते. त्यानंतर कमान हालते तेव्हां नळी फिरत नाहीं. मधलें रबरच पीळ खातें व सुटतें. चाकें लोंबकळत असतांना आवळलें, तर गाडी जमिनीवर येतांच रबरास कायमचा पीळ बसतो. उभ्या गाडींतही त्यास विश्रांति मिळत नाहीं व तें लवकर फाटतें. म्हणून चाकें चढवून, गाडीचा सर्व भार त्यांवर येऊं देऊन, मगच शेवटचा फेरा द्यावयाचा. पण अशा ठेंगण्या गाडीखालीं शिरणार कसें? म्हाताऱ्यांनीं जाड फळ्यांचे चार भक्कम चौथरे करून ठेवले होते. गाडी त्यांवर उतरवून, ती वरखालीं हालवून स्थिर केली, आणि दिव्याच्या उजेडांत रात्रीं उशिरां मीं एकेक नट आवळला. ते शेजारीं बसून प्रत्येक नटाचें नांव घेत होते.

सकाळीं मुलगी आली. ती एकटीच गांवाबाहेरच्या वळणांवरून फिरून आली, गाडीचें दार उघडलें, आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीस हांक मारून शेजारीं बसविलें. ती दुसरें कांहीं बोलली नाहीं. बोलण्याची गरजही नव्हती.

मुलांनो, पोलादाचें बळ मोठें खरें. परंतु दोन बळकट वस्तु एकत्र नांदावयाच्या तर त्यांच्यामध्यें थोडें लवणारें, पण जागा न सोडणारें असें कांहीं लागतें. घरांत, वर्गांत व खेळाच्या संघांत हें काम करणारीं माणसें असतात. त्यांचें नांव कोणी घेत नाहीं, परंतु तीं झिजलीं म्हणजे सर्व गाडा तिरपा जाऊं लागतो. त्यांस ओळखा. आणि वडील मंडळींसही नम्रपणें सुचवावेंसें वाटतें कीं, मुलांस शिस्तीच्या बंधनांनीं बांधणें अवश्यच आहे. पण जीवनाचा भार त्यांच्या अंगावर थोडासा येऊं द्यावा, तीं आपल्या नैसर्गिक स्थितींत उभीं राहूं द्यावीं, आणि मग तो बंध आवळावा. असा बंध दुखवीत नाहीं आणि दीर्घकाळ टिकतो.