गोड्या पाण्याचं गाव

"मुरुडला निघालोत," असं आई बार्शीच्या मावशीला फोनवर सांगत होती, आणि मावशी पुन्हा पुन्हा विचारत होती, "अगं, तू मुरुडातच तर हायस की!" महाराष्ट्रात मुरुडं अनेक आहेत. एक आमचं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं, सोयाबीन आणि तुरीच्या काळ्या रानात बसलेलं. एक दापोलीकडचं. आणि एक जंजिऱ्याचं, ज्याला सगळं जग ओळखतं. आईचा जन्म तेरचा, लग्नानंतरची सगळी वर्षं मुरुडची. सत्तरी ओलांडल्यावर ती एकदा म्हणाली, "आपल्या नावाचं गाव समुद्राकाठी कसं दिसतंय, ते बघू द्या एकदा." यापलीकडे तिने आमच्याकडे आजवर काही मागितलेलं मला आठवत नाही.

मग उतरायचं कुठे, हा प्रश्न आला. भाचीने मोबाइलवर जागा शोधल्या. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, काशीद, मुरुड अशी समुद्राला धरून जाणारी सगळी ओळ तिने काढली. समुद्र दिसणारी खोली, एसी, नाश्त्यासकट, स्विमिंग पूल असं ती वाचून दाखवत होती. आई सुपात तूरडाळ निवडत बसली होती. मान वर न करता तिने तीन गोष्टी विचारल्या. "पाणी गोडं हाय का? भिंत कशाची हाय? आन् परसात झाड हाय का?"

भाची हसली. मला हसू आलं नाही, कारण हे तीन प्रश्न कुठून आले ते मला ठाऊक होतं. भिंतीचा प्रश्न 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. आमच्या घराला नुसती चीर गेली, तरी दिवाळीपर्यंत आम्ही अंगणात झोपलो, आणि आई आजही कुठल्याही नव्या खोलीत शिरली की आधी आढ्याकडे बघते. झाडाचा प्रश्न सावलीचा. आणि पाण्याचा प्रश्न तर आमच्या भागातल्या प्रत्येक बाईच्या पाचवीला पुजलेला.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने ज्या वाटेवर एके काळी माणसं नेली, त्या वाटेच्या रुंद रुळांवरून हे पाणी आमच्या मुरुडवरून पुढे जायचं. आई स्टेशनवर गेली होती ते बघायला. त्या उन्हाळ्यात आमचा बोअर हजार फुटांवर कोरडा होता आणि टँकरची वाट बघत अंगणात पाच पिंपं ओळीने उभी असायची. गाडी गेल्यावर ती बराच वेळ रुळांकडे बघत राहिली, एवढंच भाऊ सांगतो.

म्हणून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि सरळ फोन लावत गेले. सात-आठ ठिकाणी विचारलं. कुणी म्हणालं पिण्याला बिसलरी मिळेल, कुणी म्हणालं आंघोळीला मचूळ आहे पण चालतं सगळ्यांना. एका बाईंनी मात्र उत्तर देण्याआधी थांबून विचारलं, "कोण विचारतंय? आजी आहेत का बरोबर?" आणि म्हणाल्या, "आमच्या वाडीतली विहीर आजवर आटली नाही. पाणी नारळासारखं आहे. कौलारू घर आहे, चार खोल्या, समुद्र दिसत नाही, ऐकू येतो." वाडी रेवदंड्याची होती, किल्ल्याच्या तटाच्या आतली. आईला सांगितलं तर म्हणाली, "हितंच उतरू. मुरुड काय, बघून येऊ."

अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. शेवटी रस्ता पोर्तुगिजांच्या तटबंदीतूनच आत शिरतो आणि गाव सुरू होतं, म्हणजे आपण किल्ल्यात राहायला आलो हे आत गेल्यावर कळतं. आत शाळा आहे, बाजार आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि झाडांतून मध्येच एखादी कमान उभी दिसते, तिच्यामागे काहीच नसतं. एका मठाचा उंच मनोरा शिल्लक आहे, त्याला गावकरी सातखणी म्हणतात. 1521 च्या सुमारास अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी घेऊन पोर्तुगिजांनी इथे किल्ल्याला हात घातला. पन्नास वर्षांनी त्याच निजामशाहीच्या फौजेने हे ठाणं महिनोन्‌महिने वेढलं आणि तरी ते पडलं नाही. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पुढच्या वर्षी हेही मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज दोनशे वर्षं इथे टिकले ते एका बाजूला खाडीचं मुख, एका बाजूला समुद्र आणि पायाखाली गोडं पाणी होतं म्हणून, असं मला वाडीतल्या त्या विहिरीत वाकून बघताना मनापासून वाटलं.

ती विहीर सांगायलाच हवी. घराच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर, घडीव काळ्या दगडाची, गोल. पाणी इतकं वर की रहाटाचा दोर मोजून पाच-सहा हात सोडावा लागला. आईने स्वतः सोडला. बालदी बुडाल्याचा आवाज आला तशी ती जरा दचकली. आमच्या आडाला तो आवाज येऊन कित्येक वर्षं झाली. बालदी वर आल्यावर तिने ओंजळ भरली, आधी वास घेतला, मग जिभेवर टेकवलं, मग पूर्ण प्याली. शंभर-दीडशे पावलांवर समुद्र गरजत होता. "एवढं खारं पाणी शेजारी असून हे गोडं कसं?" तिने विचारलं.

वाडीवाल्या काकूंनी सांगितलं ते मला आजवर कुठल्याही पुस्तकात इतकं नीट भेटलं नव्हतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, खाली खारं असतं, गोडं हलकं म्हणून त्याच्यावर साय धरावी तसं राहतं. शास्त्र सांगतं की समुद्राच्या पातळीच्या वर हातभर गोडं पाणी असलं तर खाली चाळीसेक हात गोडंच लागतं. पण वरचं उपसलं की खालून खारं चढतं. "पुळणीकडच्या काही विहिरी गेल्या तशा. मोठे पंप लावले, खोल्या वाढवल्या, आता पाणी सवळ आलं. आम्ही चारच्या वर खोल्या करत नाही," काकू म्हणाल्या. चार खोल्यांचं कारण तेव्हा कळलं. समुद्रकाठी उतरायला जागा शोधणाऱ्या प्रत्येकाने खोलीच्या दराआधी हे विचारावं असं मला वाटतं, कारण आपण दोन दिवस मोकळ्या शॉवरखाली उभे राहतो आणि निघून जातो, विहीर तिथेच असते.

संध्याकाळी काकूंनी खोलीची चावी दिली तेव्हा मी आईला म्हटलं की चावी हा शब्द पोर्तुगिजांचा. बालदीही त्यांचीच, आणि आपलं पिंपसुद्धा. "पिंप?" तिला ते पटेना. लातूरच्या टंचाईत जी वस्तू घराघरात देवासारखी जपली तिचं नाव या समुद्रावरून आलेलं. खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगराखाली तर एक अख्खं गाव आहे जिथली ख्रिस्ती माणसं आजही पोर्तुगीज शब्दांची बोली घरात बोलतात. त्या बोलीला ती माणसं नौ लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द तिकडचे, पण वाक्य चालतं ते मराठीच्या वळणाने, क्रियापद शेवटी ठेवून. आम्ही तिथे गेलो तेव्हा चर्चच्या पायरीवर दोन म्हाताऱ्या बोलत बसल्या होत्या. आई थोडा वेळ कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कळत नाही, पर हेल आपलाच हाय."

रेवदंड्याच्या शाळेत अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. तो 1469 मध्ये शेजारच्या चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला आणि पुढे बीदरला, म्हणजे आमच्या लातूरच्या शेजारी गेला. परक्या व्यापाऱ्यांना या देशात उतरायला जागा असतात आणि तिथली यजमानीण त्यांना रांधून घालते, असं त्याने लिहून ठेवलंय. साडेपाचशे वर्षांनी काकूंनी आम्हाला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. आईने भाकरी हातावर घेऊन निरखली, पातळ, पांढरी, ज्वारीसारखी भरड नव्हे. दोन खाल्ल्या.

आणखी मागेही जाता येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात तगर आणि सेमुल्ला ही दोन्ही नावं येतात. सेमुल्ला म्हणजे चौल असं अभ्यासक मानतात. तगर म्हणजे तेर, आईचं माहेर. तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जायचं. आईला सांगितलं तेव्हा तिला नवल वाटलं नाही. "तेरचं कापूस-सूत मोठंच होतं," एवढंच म्हणाली, जणू ते तिच्या आजोबांच्या वेळचं असावं.

चौलच्या रामेश्वराला गेलो. तिथे मंडपात कुंडं आहेत, त्यातलं एक पर्जन्यकुंड. पाऊस ओढ देतो तेव्हा ते उघडतात. आई त्याच्या झाकणापाशी हात जोडून इतका वेळ उभी राहिली की मागची माणसं वळसा घालून पुढे गेली. मुरुडलाही गेलो. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात. तोफा, बुरूज, दरवाजा सगळं दाखवलं, पण चारही बाजूंनी समुद्र असलेल्या त्या किल्ल्यातली गोड्या पाण्याची तळी दिसली तशी ती काठावर बसलीच. "म्हणून कुणाला घेता आला नाही," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी पहाटे मला जाग आली ती रहाटाच्या आवाजाने. आई न्हाणीत गेली नव्हती. विहिरीजवळच्या दगडी डोणीपासून पोफळींकडे जाणारा एक छोटा पाट आहे, त्याच्या तोंडाशी तिने बसायचा पाट ओढून घेतला होता आणि त्यावर बसून तांब्या-तांब्याने अंगावर पाणी घेत होती. प्रत्येक तांब्याचं पाणी पाटातून वाहत पहिल्या पोफळीच्या बुडाशी जात होतं. काकू टॉवेल घेऊन शेजारी उभ्या होत्या. "आजी, गरम पाणी काढून ठेवलंय आत," त्या म्हणाल्या. "ते पोरींना द्या बाई," आई म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे पाणी वळवायला तिने हाताने पाटातली माती सारखी केली.