तिरक्या लाद्या

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. परदेशातल्या भाचीने तर काळजीने विचारलं, "मामा, बरे आहात ना?" बरा आहे गं. न्हाणीघरात होतो. एक-दोन तास नव्हे, चांगले एकवीस दिवस!

झालं असं. गेल्या पावसाळ्यात ही न्हाणीघरात पाय घसरून पडली. डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, हात पूर्वीसारखा चालू लागला. पण मनात बसलेली भीती काही निघेना. आंघोळीला गेली की दार पूर्ण लावायची नाही, वीतभर फट ठेवायची. आणि मला सांगायची, "अहो, पेपर इथे ओसरीवरच वाचत बसा, लांब जाऊ नका." मी बसायचो. आतून पाण्याचा आवाज थांबला की माझंही वाचन थांबायचं.

या सगळ्यात मला एक गोष्ट आतून टोचत होती, ती आता सांगूनच टाकतो. ज्या लाद्यांवर ती घसरली त्या मीच निवडल्या होत्या, २००४ साली. दुकानात ही म्हणाली होती, "जरा खरखरीत घेऊ या, ओल्या पायांना बऱ्या." मला त्या चकचकीत, संगमरवरासारख्या दिसणाऱ्या आवडल्या. "स्वच्छ करायला सोप्या" वगैरे मास्तरी युक्तिवाद केला आणि जिंकलो. पडल्यावर तिने मला त्याची एकदाही आठवण करून दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, पैसे पाठवतो, माणूस लावा." माणूस शोधलाही. पण आमच्या नालासोपारा-विरारकडे एवढे टॉवर उभे राहतायत की पाच बाय सातच्या न्हाणीघरासाठी कळंबपर्यंत यायला कोण तयार होणार? एक गवंडी येऊन बघून गेला. जुन्या लाद्यांवरच नव्या चिकटवू म्हणाला. तसं केलं तर आतली जमीन उंबऱ्याच्या वर येते आणि पाणी घरात शिरतं. तेवढं मी बोललो, तर तो पुन्हा आलाच नाही. मग ठरवलं, आपणच करायचं. घाई कसली आहे? रोज सकाळी दोन तास. शेजारी राहणारा पुतण्या तोडफोडीला आणि ग्राइंडर चालवायला येईन म्हणाला. आमच्या आंघोळीची सोयही त्याच्याच घरी झाली.

छिन्नी-हातोड्याने जुन्या लाद्या काढल्या, भिंतींना खालून लागलेला लोणा खरवडला (समुद्र इतका जवळ, तो लागायचाच) आणि मापं घ्यायला बसलो. तेव्हा कळलं की न्हाणीघर वाकडं आहे!

खोली काटकोनात आहे की नाही हे बघायची सोपी रीत आहे. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करायची, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तर काटकोन. हा आपला पायथागोरसच. माझं पाच फूट पाऊण इंच आलं. मग दोन्ही कर्ण मोजले. एक आठ फूट साडेआठ इंच, दुसरा आठ फूट सहा इंच. म्हणजे पाच फुटांच्या भिंतीत दीड इंचाचा तिरकेपणा.

हे न्हाणीघर वडिलांनी १९७४ साली बांधलं. त्याआधी विहिरीजवळ झावळ्यांच्या आडोशाची मोरी होती, शहाबादी फरशीची. वडील वाडीवाले, गवंडी नव्हेत. शेजाऱ्याला हाताशी घेऊन त्यांनी स्वतः भिंती उभ्या केल्या. मागच्या बाजूला एक माड होता. आई सांगायची, त्याच्या बुंध्याला भिंत घासू नये म्हणून त्यांनी दोरी जरा आत ओढली. तो माड २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पडला. भिंत मात्र अजून त्याला जागा देऊन उभी आहे. इतकी वर्षं मी त्या खोलीत आंघोळ केली, पण हा तिरकेपणा मला कधी दिसला नाही. मापाची पट्टी हातात घेतल्यावर दिसला.

आता अशा खोलीत लाद्या सरळ लावल्या तर शेवटची ओळ एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला दीड इंच अरुंद होणार. आत पाऊल टाकताच नजर तिथेच जाणार. त्याला जुना तोडगा म्हणजे लाद्या तिरक्या, म्हणजे ४५ अंशांत बसवायच्या. भिंतीलगत सगळे त्रिकोणी तुकडेच येतात. भिंतीला समांतर अशी एकही रेष उरत नाही, त्यामुळे वाकडेपणा ताडून बघायला डोळ्याला काही सापडत नाही. गिरगावात मामांच्या घरी सिमेंटच्या काळ्या-पांढऱ्या लाद्या अशाच तिरक्या होत्या. स्वदेशीच्या भावनेतून १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स कंपनी निघाली, तेव्हापासून तसल्या लाद्या आपल्याकडेच बनू लागल्या. आता बहुतेक माल गुजरातच्या मोरबीहून येतो. मी घेतल्या त्या एक फुटी, मॅट, खरखरीत. या वेळी दुकानात निवड हिने केली. मी तोंड उघडलं नाही.

तिरक्या मांडणीत तुकडे फार पडतात, म्हणून दहाऐवजी पंधरा टक्के जास्त माल घ्यायचा. पस्तीस चौरस फुटांना हिशेबाने एक्केचाळीस लाद्या होतात, मी पंचेचाळीस आणल्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. एक फुटी लादी तिरकी केली की एक फूट जागा व्यापत नाही, जवळजवळ सतरा इंच व्यापते. चौरसाचा कर्ण म्हणजे बाजूच्या १.४१४ पट. आपल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्यासाठी हे दोरीने करायला सांगितलं आहे. मी मराठीचा शिक्षक, गणिताचे सर रजेवर असले की बदली तास घ्यायचो. फळ्यावर हे कितीदा लिहिलं असेल! पण कर्ण म्हणजे काय ते गुडघ्याखाली पोत्याची घडी घेऊन बसल्यावर खरं कळलं.

आखणी अशी केली. खोलीच्या मध्यातून उभी-आडवी रेघ मारली. मध्यबिंदूपासून चारही दिशांना दोन-दोन फुटांवर खुणा केल्या आणि त्या जोडल्या. कोनावर उभा असलेला चौरस तयार झाला. त्याच्या चारही बाजू चौतीस इंच भरल्या, म्हणजे मधल्या रेघा काटकोनात आहेत याचीही खात्री झाली. या चौरसाच्या बाजू म्हणजेच लाद्यांच्या ओळी. भिंतीपासून सुरुवात करायचीच नाही. भिंत वाकडी, तर तिच्यावर विसंबलेलं सगळंच वाकडं. आधी लाद्या कोरड्या मांडून पाहायच्या, मग चिकटवायच्या.

त्याआधी अर्थात ढाळ. फुटाला एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचा पाण्याचा ट्रॅप एका कोपऱ्यात आहे. चारी बाजूंनी ढाळ दिला तर मोठ्या लाद्या नीट बसत नाहीत, कडा वरखाली होतात आणि अंगठ्याला ठेच लागते. म्हणून सगळी जमीन एकाच पातळीत ठेवून त्या कोपऱ्याकडे कलती केली. समोरच्या कोपऱ्यापासून ट्रॅपपर्यंत इंचभर उतार. वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, ट्रॅप बुजवून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, गळती नाही हे पाहिलं आणि मगच लादीला हात लावला.

काम सुरू झाल्यावर एक शिकलो. दातेरी थापीने मसाला पसरायचा, लादी ठेवायची, रबरी हातोड्याने हलके ठोकायचं. ठोकताना पोकळ आवाज आला तर काढून पुन्हा मसाला भरायचा. पहिली लादी केसभर फिरली तर पाचव्या लादीला सांधा बोटभर होतो. रोज सात-आठ लाद्या झाल्या की कंबर सुट्टी मागायची. पुतण्या म्हणायचा, "काका, एवढं बारीक कोण बघणार?" मी म्हणायचो, "पाणी बघणार."

आणि पाण्याने बघितलंच! सांधे भरायच्या आधी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. सगळं वाहून गेलं, फक्त वॉशिंग मशीनजवळ ताटलीएवढं डबकं उरलं. मसाला ओला असताना तिथल्या तीन लाद्या मी जास्त ठोकल्या होत्या. रात्रभर विचार केला. कोपऱ्यातच तर आहे, मशीनखाली झाकलं जाईल. मग २००४ सालचं दुकान आठवलं. सकाळी तिन्ही लाद्या फोडून काढल्या आणि नव्या बसवल्या. जास्तीच्या लाद्या कामी आल्या.

शेवटी सांधे भरले, भिंतीला दोन ठिकाणी धरायला स्टीलचे दांडे लावले. ही आत गेली. उंबऱ्यात थांबून आधी उजवं पाऊल टेकवलं, घासून पाहिलं. मग दुसरं. "गार लागतंय," एवढंच म्हणाली.

पहिले तीन दिवस फट होतीच. चौथ्या दिवशी मी ओसरीवर पेपर उघडला, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी उठून वाडीत गेलो. केळीला पाणी द्यायचं राहिलं होतं.

जाता जाता माझ्या वयाच्या वाचकांना एक सांगणं. न्हाणीघराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवून घ्या. आम्ही बसवली आहे, हिला विचारून. आणि लाद्या घ्यायला गेलात तर तिथे ओल्या पायांनी कोण वावरणार आहे, ते आधी बघा.

असो. गुडघे अजून दुखतायत. पुढचं पुढच्या वेळी.