दोन साबण आणि आमची शाळा

‘बोलणाऱ्याची बोरे विकतात’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु न बोलणाऱ्याच्या बोरांचे पुढे काय होते, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर यंदाच प्रथम आला.

प्रसंग असा. नववीच्या वर्गास मराठीच्या बाईंनी एक प्रकल्प दिला. नियतकालिकांतील कोणत्याही दोन जाहिरातमोहिमा निवडाव्यात, त्यांची चिकित्सा करावी आणि तुलना लिहून आणावी. आमच्या गटात आम्ही चौघे होतो, दोन मुली व दोन मुलगे. काम दोन दिवसांत उरकेल असे आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात चार रविवार गेले, दोनदा कडाक्याचे भांडण झाले, आणि शेवटी जाहिरातीविषयी लिहिता लिहिता आम्हांलाच जाहिरात लिहावी लागली.

बेळगावातील एका जुन्या वाचनालयात मासिकांचे बांधीव खंड आहेत. ग्रंथपालकाकांनी ते आमच्यापुढे ठेवले आणि बजावले, “पाने हलक्या हाताने उलटा, मुलांनो. हा कागद तुमच्या आजोबांच्या वयाचा आहे.” तेथेच आम्हांस पहिला धक्का बसला. जाहिराती मासिकांच्या आश्रयाने राहतात, अशी आमची समजूत. पण ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्मच मुळी जाहिरातीच्या पोटी झालेला! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आमच्याच बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत जावी म्हणून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. नांगरांची ती खबर हळूहळू कथा, लेख आणि समाजसुधारणेचे विचार घरोघर नेऊ लागली. तेव्हा जाहिरात म्हणजे केवळ फसवणूक, हे आमचे पहिलेच वाक्य आम्हांस खोडावे लागले.

तुलनेसाठी आम्ही दोन साबण निवडले. वस्तू एकच असली म्हणजे तुलना न्याय्य होते, असे आमच्यातील एकीचे म्हणणे पडले व ते सर्वांस पटले. पहिला साबण गोदरेजांचा. अर्देशिर गोदरेज हे मूळचे कुलुपांचे कारखानदार. १९२०च्या सुमारास त्यांनी वनस्पतिज तेलांपासून अंगाचा साबण तयार केला. त्या काळी परदेशी साबणांत प्राण्यांची चरबी सर्रास असे आणि ती आपल्याकडील अनेकांस धर्मदृष्ट्या वर्ज्य होती. ‘ह्यात चरबी नाही आणि हा स्वदेशी आहे’ ह्या दोन गोष्टींवर गोदरेजांच्या जाहिरातींचा भर होता. खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांनी, ह्याहून चांगला परदेशी साबण आपणांस ठाऊक नाही, अशा आशयाची शिफारस केली आणि ती जाहिरातीत झळकली.

दुसरा साबण लक्स. तो सिनेतारकांचा साबण म्हणून गाजविला गेला, आणि १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका होती लीला चिटणीस. ह्या बाई १९०९ साली धारवाडात, म्हणजे आमच्या शेजारगावीच, जन्मल्या. ‘कंगन’, ‘बंधन’ आणि ‘झूला’ ह्या चित्रपटांनी त्यांचे नाव तेव्हा देशभर झाले होते.

आम्ही वहीत चार प्रश्न मांडले. बोलतो कोण? वचन कशाचे देतो? ते वचन पडताळता येते काय? आणि वाचणाऱ्याच्या मनात कोणती भावना जागवितो? ह्या चार चाळण्यांतून दोन्ही मोहिमा गाळून पाहिल्या. गोदरेजांच्या जाहिरातीत कवी बोलतो, लक्सच्या जाहिरातीत नटी. गोदरेज साबणात काय नाही ते सांगतात, तर लक्स तुम्ही काय व्हाल ते सुचविते. चरबी आहे की नाही, हे रसायनशाळेत तपासता येते. तारकेसारखी कांती येईल की नाही, हे कोण तपासणार? एक जाहिरात देशाभिमानास हात घालते, दुसरी आरशापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या मनातील हुरहुरीस.

येथवर आमचे एकमत होते. निकाल उघड आहे, गोदरेज खरे आणि लक्स खोटे, असे आमच्यातील दोघे म्हणाले. उरलेल्या दोघींनी हरकत घेतली. पहिली हरकत अशी, की कवितेचा अधिकार साबणाच्या बाबतीत कसा चालावा? रवींद्रनाथांचे नाव काय आणि लीलाबाईंचे मुख काय, दोन्ही उसनेच. दुसरी हरकत अधिक बोचरी होती. लीला चिटणीस पदवीधर होत्या. सुशिक्षित घरच्या स्त्रीने चित्रपटांत काम करावे, हे लोकांस सहज रुचत नव्हते अशा काळात त्या पडद्यावर आल्या. घराघरांतील मासिकात त्यांचे चित्र सन्मानाने छापून आले, ह्यात साबणविक्यांचा हेतू काहीही असो, स्त्रियांचे काहीच भले झाले नसेल काय? ह्यावर दोघांपाशी उत्तर नव्हते. म्हणून ते रागावले, आणि तो रविवार फुकट गेला.

अखेर आम्ही दोन्ही बाजू लिहून काढल्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचाही उल्लेख केला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्या व्यक्तीसही आता पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा तोच अपराध केल्यास ५० लाखांपर्यंत. म्हणजे उसन्या मुखासही आता जबाबदारी आहे. बाईंनी वही वाचून खाली एवढेच लिहिले : “चिकित्सा चांगली. परंतु दुसऱ्याच्या बोरांची चव सांगणे सोपे असते.”

ह्या शेऱ्याचा अर्थ आठवड्याभरातच कळला. मुख्याध्यापकांनी आम्हां चौघांस बोलाविले. आमच्या शाळेत पूर्वी आठवीच्या दोन तुकड्या भरत. यंदा एकच आहे आणि तिच्यात एकवीस मुले आहेत. चौकाचौकांत इतर शाळांचे रंगीत फलक लागतात, आमचा कोठेही नाही. “तुम्ही जाहिरातींचा अभ्यास केला आहे ना? मग आपल्या शाळेची एक जाहिरात लिहून द्या,” असे सर म्हणाले. ते हसून म्हणाले खरे, पण त्यांच्या स्वरातील काळजी आमच्यापासून लपली नाही. तुकडी भरली नाही तर शिक्षक कमी होतात, आणि शिक्षक कमी झाले की पुढे काय होते, ते सीमाभागातील मराठी मुलांस समजावून सांगावे लागत नाही.

आम्ही उत्साहाने बसलो. तासाभरात पहिला मसुदा तयार झाला. ‘शहरातील सर्वोत्कृष्ट शाळा’, ‘उज्ज्वल भवितव्याची हमी’, आणि मध्यभागी पुण्यात मोठे डॉक्टर झालेल्या एका माजी विद्यार्थ्याचे छायाचित्र! लिहून झाल्यावर आमच्यातील एकीने मुकाट्याने प्रकल्पाची वही उघडून शेजारी ठेवली. बोलतो कोण? उसने मुख. वचन कशाचे? भवितव्याचे. पडताळता येते काय? नाही. जी गोष्ट आम्ही लक्सच्या माथी मारली होती, तीच आमच्या लेखणीतून निर्वेधपणे उतरली होती. आणि आमचा हेतू तर साबण विकण्याहून पुष्कळ चांगला होता! चांगल्या हेतूनेच माणूस खोटे अधिक निर्धास्तपणे बोलतो, हे त्या दिवशी आम्हांस उमगले.

दुसरा मसुदा लिहावयास तीन दिवस लागले. त्यात पडताळता येईल एवढेच घातले. प्रत्येक विद्यार्थ्यास नावाने ओळखणारे शिक्षक. दर शनिवारी घरी पुस्तके देणारे ग्रंथालय. मराठीतून शिकताना कन्नड आणि इंग्रजी ह्या दोन्ही भाषा नेमाने शिकविणारे वर्ग. शेवटची ओळ अशी होती : ‘आमच्या दहा संगणकांपैकी सध्या चार चालतात.’

सरांनी ही ओळ खोडली. ते म्हणाले, “जाहिरातीत खोटे नसावे, हे खरे. पण सगळेच सांगितले पाहिजे असे नाही. पालक विचारतील तेव्हा मात्र खरेच सांगू.” आमच्यातील दोघांस हे पटले. उरलेल्या दोघांचे मत असे, की जे विचारल्यावर सांगावयाचे, ते न विचारताच सांगणारी शाळा लोकांच्या अधिक ध्यानात राहील. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो मिटावा अशी आमची फारशी इच्छाही नाही.

ती जाहिरात ह्याच अंकाच्या मलपृष्ठावर छापली आहे. तिचा गुण येत्या जूनमध्ये आठवीच्या बाकांवर दिसेल. त्याविषयी आजच काही बोलणे म्हणजे पुन्हा भवितव्याची हमी देणे होईल. वाचकांस आमची विनंती एवढीच, की मलपृष्ठ उलटावे, वर दिलेले चार प्रश्न आमच्याही जाहिरातीस विचारावेत, आणि उत्तराविषयी शंका वाटल्यास शाळेत यावे. फाटक साडेनऊला उघडते. संगणकांचे विचारलेत, तर आम्ही खरे तेच सांगू.