देवबागचा मुक्काम

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, ही व्युत्पत्ती आम्ही चौतीस वर्षे मुलांस शिकविली. आणि गेल्या मार्गशीर्षात तीन महिने आधी तिथी ठरवून, निम्मे भाडे आगाऊ भरून, आम्ही सपत्नीक पाहुणे होण्यास निघालो. हा उद्योग चिरंजीवांचा. तारकर्लीच्या पुढे देवबाग गावी समुद्राच्या काठावर चार खोल्यांचे एक निवासस्थान आहे, गजबज नाही, तेथे पाच रात्री स्वस्थ राहा, अशी त्यांची आज्ञा झाली. एका रात्रीचे भाडे ऐकून हिशेब केला, तो आमच्या नोकरीतील पहिल्या सहामाहीचे वेतन त्यात बुडत होते! परंतु आमच्या कुटुंबाने उभ्या संसारात समुद्र पाहिला तो एकदाच, कोणाच्या लग्नकार्यास जाताना, मोटारीच्या खिडकीतून. तेव्हा आम्ही गप्प बसलो.

कोल्हापुराहून राधानगरी, दाजीपूर करीत एस.टी. फोंडा घाट उतरली की हवेचा गुण पालटतो. कणकवली, कसाल मागे टाकून मालवण गाठले व तेथून रिक्षाने देवबाग. या गावाची रचना मोठी विलक्षण आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्लीची खाडी, आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. एका पाण्याकडे पाठ करावी तो दुसरे पाणी समोर. दक्षिणेच्या टोकास दोहोंचा संगम होतो व पलीकडे भोगवे दिसते.

यजमान पन्नाशीचे गृहस्थ. घराण्याचा मूळ व्यवसाय मासेमारीचा. आम्ही मासे खात नाही हे कळताच त्यांच्या पत्नीने, आम्ही काही बोलण्यापूर्वीच, निराळी भांडी काढली. काळ्या वाटाण्याचे सांबारे, आंबोळ्या, कुळथाची पिठी, सोलकढी, आणि एके सकाळी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे! हे सारे भाड्याच्या पावतीत कोठे बसवावे ते आम्हांस समजेना.

मधला एक दिवस सिंधुदुर्ग पाहण्यात गेला. १६६४ साली कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली, त्या दुर्गाविषयी वाचकांस नवे काय सांगावे? खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत, त्या पाहून आमचे कुटुंब बराच वेळ काठाशी उभे राहिले.

पहिल्याच संध्याकाळी आम्ही पंचांग उघडलेले पाहून यजमान म्हणाले, "गुरुजी, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ गावतली." त्या दिवशी एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ; आणि खरोखरच सव्वाआठच्या सुमारास पाणी भरले. जन्मभर त्रैराशिके शिकवूनही हे गणित आम्हांस ठाऊक नव्हते.

मग ते आम्हांस काळ्या दगडांच्या बंधाऱ्याशी घेऊन गेले. बंधाऱ्यापलीकडे लाट फुटत होती तेथे बोट करून म्हणाले, आजोबांची विहीर तेथे होती. वडिलांच्या वेळी घरापुढे माडांच्या सात रांगा होत्या. आज दोन उरल्या आहेत. उलट, संगमाजवळ खाडीत वाळूचा एक उंचवटा आहे. २००४ सालच्या त्सुनामीनंतर तो वर आला असे सांगतात. त्यास 'त्सुनामी बेट' म्हणतात आणि पर्यटक हौसेने तेथे नावेने जातात. खोल्या बांधण्यास काढलेले कर्ज फिटण्यास अजून नऊ वर्षे आहेत, हेही बोलण्याच्या ओघात कळले. दोन रांगा किती वर्षे पुरतील, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

पौर्णिमा ही आमची शेवटची रात्र. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही दोघे पडवीत येऊन पाहतो तो यजमान पुढच्या रांगेतील एका माडाशी बॅटरी घेऊन उभे! माडाच्या बुंध्यावर चुन्याची एक खूण होती. लाटा बंधाऱ्यावर आदळून तुषार आत येत होते. चांदण्यात सारी वाळू ओली दिसत होती.

"गुरुजी, अजून झोपाक नाय?" ते म्हणाले.

"पाणी वर येईल का?" आमच्या कुटुंबाने विचारले.

"आज नाय. ह्या थंडीतला उधाण. आषाढात येवा, मगे बघशात."

पाणी खुणेच्या दोन हात अलीकडे थांबले व हळूहळू ओसरू लागले. यजमान मात्र बराच वेळ तेथेच होते.

सकाळी निघताना आमच्या कुटुंबाने त्या माडाशी जाऊन खूण पुन्हा एकदा पाहून घेतली. आषाढी पौर्णिमेस दूरध्वनी करीन, मला खरे काय ते सांगा, असे तिने त्या माउलीकडून कबूल करून घेतले आहे. नवे पंचांग घरी आले की प्रथम ते पान काढायचे, असे आमचे ठरले आहे.